आखूड बंदुकीची बाजू

त्या बंदुकीनं कुणाचाही डोळा घालवला नाही. आमच्या घरात, आमच्या गावात आणि बेळगावच्या बाजारात चाळीस-पंचेचाळीस वर्षं जी गोष्ट सांगितली जाते, की ऐन वेळी बंदूक अडकली आणि आप्पाचा डोळा गेला, ती खोटी आहे. आप्पावर अस्वल धावून आलं तेव्हा ती बंदूक त्या जंगलात नव्हतीच. ती उचगावला, आमच्या मळ्यातल्या घरी, देवीसमोर पाटावर होती आणि तिच्यावर झेंडूची फुलं होती.

हे मला ठाऊक होतं, आप्पाला ठाऊक होतं आणि काकीला ठाऊक होतं. आप्पा आणि काकी आता नाहीत. ज्या माणसाचं नाव या गोष्टीनं खराब झालं तो बेळगावच्या कॅम्पातला, लष्करी छावणीतला, बंदुकीचा मिस्त्रीही आता नाही. मेलेल्यांची धुणी आता कशाला धुवायची, असं घरातले म्हणतात. मला ते मान्य नाही. मिस्त्री मेला, पण त्याच्याबद्दलचं खोटं बोलणं काही मेलेलं नाही. दर दसऱ्याला ते जेवणाच्या पंगतीला येऊन बसतं.

आधी जीपचं सांगतो, कारण जीप नसती तर बंदूक लागलीच नसती.

आप्पा माझा चुलत भाऊ, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. माझी आई मी लहान असतानाच गेली आणि आप्पाच्या आईनं, म्हणजे काकीनं, मला वाढवलं. सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांत आम्ही दोघांनी कॅम्पात लष्कराच्या लिलावात एक जुनी जीप घेतली. डिस्पोजल जीप म्हणत तिला. हुडाचं कापड फाटलेलं, रंग उडालेला, पण चारही चाकांना जोर. खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांवरून शिकेकाई, हिरडा आणि मध आणायचा आणि जाताना तांदूळ, गूळ, रॉकेल, कापड पोचवायचं, असा धंदा आम्ही सुरू केला. गुंजी स्टेशनपर्यंत रस्ता असायचा. पुढं रस्ता म्हणजे गाड्यांच्या चाकोऱ्या, ओढे आणि बांबू. तिथं जीप बिघडली की माणूस चालायला लागायचा आणि चालणाऱ्या माणसाला अस्वलाची भीती. वाघाचं नाव सगळे घेतात, पण त्या भागात माणसं फाडली ती अस्वलानंच. त्याला दिसतं कमी, ऐकू येतं कमी. समोर अचानक माणूस आला की ते पळत नाही, उठून उभं राहतं आणि तोंडावर पंजा मारतं.

म्हणून बंदूक. शिकारीसाठी नव्हे. शिकारबंदीचा कायदा तोवर आला होता आणि शिकारीची हौस मला कधीच नव्हती. माणूस जंगलातून घरी परत यावा एवढ्यासाठी.

परवाना माझ्या नावावर निघाला, पीकसंरक्षणाचा. कचेरीतला कन्नड अर्ज भरून घेताना कारकुनानं विचारलं, डुकरासाठी का? मी म्हटलं, डुकरासाठीच. मळ्यात रानडुकरं येतच होती, त्यामुळं ते खोटं नव्हतं. जंगलातही नेता यावी म्हणून परवान्यावर सगळ्या जिल्ह्याची हद्द लिहून घेतली. मग बंदूक शोधणं सुरू झालं आणि तिथं माझं आणि आप्पाचं भांडण लागलं.

आप्पाला लांब दुनळी पाहिजे होती. निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडं एक होती, त्याच्या वडिलांची. वहिनी, म्हणजे आप्पाची बायको, निपाणीचीच. तिच्या माहेरच्या ओळखीनं आम्ही ती बघायला गेलो. बंदूक देखणी होती, दस्त्यावर चांदीचं पान बसवलेलं. आप्पानं ती खांद्याला लावली आणि व्यापाऱ्याच्या वखारीत तंबाखूच्या थप्प्यांवर नेम धरला. त्याला बघून मला एवढंच कळलं की हा माणूस लग्नातल्या फोटोसाठी बंदूक घेतोय.

मी म्हटलं, "जीपमध्ये कुठं ठेवायची ही?"

"हातात."

"आणि गिअर कोण टाकणार?"

तो चिडला. पण मी जे म्हणत होतो ते आजही म्हणतो. लांब बंदूक जीपमध्ये उभी ठेवली तर नळी हुडाच्या बाहेर येते आणि बांबूत अडकते. आडवी ठेवली तर पोत्यांखाली जाते. खाली ठेवली तर नळीत चिखल जातो, आणि चिखल गेलेली नळी बार काढताना फुटते. जंगलात बंदूक किती लांब मारते याला काही किंमत नाही. पाच-पन्नास पावलांच्या पलीकडं तिथं दिसतंच काय? ती हाताशी असली पाहिजे, कोरडी असली पाहिजे आणि चालताना ओझं होऊ नये.

कॅम्पातल्या मिस्त्रीचं दुकान मला ठाऊक होतं. तो फौजेत बंदुका दुरुस्त करून निवृत्त झालेला, तपकीर ओढणारा, तिरसट माणूस. दुकानात येऊन कुणी पहिल्यांदा बंदूक खांद्याला लावली की त्याच्याशी तो बोलणंच बंद करायचा. पण फार शहाणा होता असंही नाही. त्यानं आधी मला पॉइंट टू-टूची रायफल गळ्यात मारायचा प्रयत्न केला. हलकी, स्वस्त काडतूस, खिशात पन्नास मावतात, असं बरंच सांगत बसला. मी अस्वलाचं विचारलं तेव्हा म्हणाला, "अस्वलाला गुदगुल्या होतील." मग स्वतःच हसला आणि रायफल आत ठेवून दिली.

ती आखूड एकनळी कोपऱ्यात पडली होती. दस्ता चिरलेला. कुणा मळेवाल्या गोऱ्या साहेबाची असावी, साहेब गेल्यावर हात बदलत बदलत तिथं आलेली. बारा बोअरची, पण नळी नेहमीच्या बंदुकीपेक्षा वीतभर तरी आखूड आणि वजनाला कुदळीपेक्षा हलकी. मिस्त्रीनं नळीखालचं लाकूड ओढून काढलं, खटका दाबला, आणि बंदुकीचे दोन तुकडे त्याच्या दोन हातांत आले. मग तेच उलटं केलं. नळी अडकवली, मिटली, लाकूड बसवलं.

मी विचारलं, अंधारात जमेल?

"हात शिकले पाहिजेत," तो म्हणाला. "डोळ्यांचं काही काम नाही त्यात."

तीच घेतली. त्यानं सागवानाचा नवा दस्ता बसवून दिला आणि ताडपत्रीची पिशवी शिवून दिली, दोन कप्प्यांची, सीटखाली सरकेल अशी. कागदी काडतुसं खानापूरच्या ओलीत फुगतात आणि नळीत जात नाहीत म्हणून प्लॅस्टिकच्या कवचाची घ्या, हेही त्यानंच सांगितलं. ती मी बिस्किटाच्या डब्यात, ओल शोषायला कोळशाचे तुकडे टाकून ठेवायचो.

आप्पा पहिला महिनाभर तिला बंदूक म्हणायला तयार नव्हता. "फुकणी," म्हणायचा. "चूल पेटवायला घेतलीस व्हय रं?"

मी मळ्यात रोज सकाळी डोळे मिटून ती जोडायचो आणि सोडायचो. वहिनी दारात तांदूळ पाखडत बघायची. एकदा म्हणाली, "भावजी, पोळपाट-लाटणं बी असंच मिळतंय का बघा की बाजारात. सांदीत सारून ठिवीन." काकी हसत नव्हती. तिला हत्यार घरात आलेलंच आवडलं नव्हतं. पण आलं म्हटल्यावर त्याचा मान ठेवायचा, या मताची ती होती.

पुढच्या उन्हाळ्यात फुकणीनं आपलं काम केलं. एका ओढ्याच्या चढाला जीप तापली, आम्ही पाणी आणायला उतरलो, आणि समोरच्या वारुळाशी अस्वल. आप्पा जागच्या जागी थिजला. मी सीटखालची पिशवी ओढली, बंदूक जोडली, काडतूस घातलं आणि आभाळात बार काढला. अस्वल वळलं आणि झाडीत गेलं. सगळं एवढंच. जोडायला किती वेळ लागला असेल? आप्पाच्या तोंडून "बाबौ" निघायच्या आत जोडून झाली होती. त्या दिवसापासून आप्पानं तिला फुकणी म्हणणं सोडलं आणि निपाणीच्या दुनळीचं नाव पुन्हा काढलं नाही.

ज्यांना वाटतं की ती बंदूक जोडताना अडकायची, त्यांनी वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

आता त्या खंडेनवमीचं.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजायची रीत आहे, बहुतेक शेतकऱ्यांकडं असते. सकाळी विळे, कोयते, कुऱ्हाडी, पहार सगळं चिंचेनं घासायचं, पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, नारळ. एकदा मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सोनं लुटून आल्याशिवाय उचलायचं नाही. आमच्या घरात हा नियम कडक होता, काकीच्या सासूपासून आलेला. मध्येच उचललेलं हत्यार उचलणाऱ्यावर उलटतं, असं तिचं म्हणणं. त्या वर्षी बंदूकही पाटावर आली. जीप अंगणात धुऊन उभी, तिला हार, चारही चाकांखाली लिंबं.

वाडीवरच्या लोकांना आम्ही शब्द दिला होता की दसऱ्याच्या आत तांदूळ, गूळ आणि बायकांची लुगडी पोचवू. पाऊस लांबल्यामुळं रस्ता उघडलाच नव्हता. नवमीच्या सकाळी निरोप आला की ओढा उतरला, जीप येईल. पूजा नुकतीच झाली होती. आम्ही निघालो.

काकीनं जीपला अडवलं नाही. वाहन पुजल्यावर हलवायचंच असतं, लिंबं त्यासाठीच चाकाखाली घालतात, हे तिचं शास्त्र. पण मी पाटावरची बंदूक उचलायला वाकलो तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

"ती न्हाय."

मी म्हटलं, "काकी, जंगलात जायाचं हाय."

"म्हणून तर. देवीम्होरनं मधीच उचललेलं उलटतंय. माझं एकुलतं एक हाय. तुला बी मीच वाढवलंय. न्हाय म्हणजे न्हाय."

आप्पानं जीपमधून हाक मारली, "ऱ्हाऊ दे रं. सांजंच्या आत माघारी येतोय." आणि मी बंदूक ठेवली. काकीला दोष देणाऱ्यांना मी सांगतो, माझा हात तिच्यापेक्षा दांडगा होता. सोडवून घेता आला असता. मी मॅट्रिक झालेला, पण देवीला भ्यालो. त्याची मला लाज नाही. आजही मी त्या पाटाला पाय लागू देत नाही.

लाज आहे ती दुसऱ्या गोष्टीची. बंदुकीवरून एवढं बोलणं झालं की त्याच पाटावर आणखी काय आहे याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. सकाळी मीच जीपचा जॅक, चाकाचा पाना आणि सीटमागचा कोयता काढला होता, मीच चिंचेनं घासला होता आणि मीच मांडला होता. जीपची हत्यारं ती, त्यांनाही मान पाहिजे, असं वाटून. बंदूक राहिली हे सगळ्यांना कळत होतं. जॅक राहिला हे कुणाला कळलं नाही.

जाताना सगळं ठीक झालं. वाडीवर माल उतरवला, गुळाचा चहा झाला, बायकांनी लुगडी अंगाला लावून बघितली. परत येताना, दुपार कलायच्या सुमाराला, एका खळग्यात मागचं चाक बसलं. बांबूचा खुंट टायरमध्ये घुसला होता. आप्पा म्हणाला, जॅक काढ. मी सीटमागं हात घातला. मग सीटखाली. मग मला पाट दिसला, डोळ्यांसमोर जसाच्या तसा, जॅकवर कुंकवाचं बोट.

मागं स्टेपनी टांगलेली होती, हवेनं टम्म, तिला झेंडूचा हार. चाकाचे नट सोडवायला पाना नाही, जीप उचलायला जॅक नाही, खाली फांद्या घालाव्या तर त्या तोडायला कोयता नाही. आप्पा खो खो हसला. खोटं सांगत नाही, तो हसला. "देवीला जीप दुरुस्त करायची आसंल," म्हणाला. वाडी लांब पडली होती, गुंजी जवळ होतं. स्टेशनवरच्या गँगमनकडून जॅक, पाना आणू म्हणून आम्ही चालत निघालो. माझ्या हातात रॉकेलचा रिकामा डबा होता, तो का घेतला ते आठवत नाही.

वळणावर आप्पा पुढं होता. अस्वल त्याच्याइतकंच दचकलं असावं. मादी होती, तिच्या मागं पिल्लू होतं. माझा उजवा हात आपोआप खाली गेला, सीटखालची पिशवी ओढायला जातो तसा. तिथं काहीच नव्हतं. पुढं काय झालं ते मी कुणाला सविस्तर सांगितलेलं नाही आणि आत्ताही सांगत नाही. मी डबा दगडावर बडवत ओरडत सुटलो आणि अस्वल पिल्लासकट गेलं. आप्पाचा उजवा डोळा गेला होता आणि गाल उघडा पडला होता. धोतर फाडून मी त्याचं तोंड बांधलं आणि त्याला पाठीवर घेऊन गुंजी गाठलं. स्टेशनमास्तरनं मालगाडी थांबवून आम्हाला गार्डाच्या डब्यात घातलं. त्या भल्या माणसाचा जबाब कुणी घेतला असता तर त्यानं सांगितलं असतं की माझ्याजवळ एक चेपलेला डबा होता, बंदूक नव्हती. पण त्याला विचारायला कोण जातंय?

दसऱ्याच्या दिवशी बेळगावच्या दवाखान्यात वहिनी आली. बाळंतपणासाठी ती निपाणीला माहेरी होती, दिवस भरत आले होते. पोट सावरत ती व्हरांड्यात उभी राहिली आणि तिनं एकच विचारलं. बंदूक होती ना, मग असं कसं झालं?

मी तोंड उघडायच्या आत काकी बोलली. "हुती की. त्या दोन तुकड्याच्या बंदुकीनंच घात केला. जोडाय गेला हा, तर अडकली."

मी काकीकडं बघितलं. तिचं तोंड राखेसारखं झालं होतं. तिचा नवरा लवकर गेलेला, सगळं घर आप्पावर. आपल्या हट्टानं लेकाचा डोळा गेला हे सुनेला कळलं तर त्या घरात आपल्याला पाणी तरी मिळेल का, एवढाच विचार तिच्या तोंडावर होता. आत खाटेवर आप्पा जागा होता. दार उघडं होतं. त्यानंही ऐकलं आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.

वहिनी माझ्याकडं वळली. "व्हय का भावजी?"

"व्हय," मी म्हटलं.

त्याबद्दल मला कुणी काही विचारू नये. ज्या बाईनं मला भरवलं तिच्यासाठी मी एक शब्द बोललो. तो शब्द घरात राहिला असता तर आजही मी तो गिळून बसलो असतो. बंदुकीला बोल लागला तर लागो, लोखंडाला काय दुखतंय, असं मला त्या वेळी वाटलं. लोखंडामागं माणूस असतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

जीप मी दुसऱ्या दिवशी घरी आणली. काकीनं पाटावरची बंदूक उचलली, कुंकू पुसलं, पिशवीत घातली आणि स्वतःच्या हातानं सीटखाली सरकवली. जंगलातून परत आल्यासारखी ती तिथं दिसली पाहिजे होती.

महिन्याभरानं मिस्त्री आला. बोलावलं नव्हतं. बाजारात त्याच्या कानावर गेलं होतं. बसमधून उतरून मळ्यापर्यंत चालत आला, खांद्याला हत्यारांची थैली. आप्पाची विचारपूस केली, चहाला नको म्हणाला, बंदूक मागितली. ओट्यावर बसून जोडली, सोडली, जोडली. मग वर बघितलं.

"कुठं अडकली?"

काकी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. वहिनी आत तान्ह्या पोराला घेऊन होती, पण भिंत मातीची, सगळं ऐकू जात होतं.

"नळी बसंना," मी म्हटलं.

तो बंदूक घेऊन गेला. पुढं मी आणायला गेलो तेव्हा त्यानं मला काय काय केलं ते सांगितलं. पाण्यात बुडवली, चिखल लावला, रात्रभर दवात ठेवली, घामेजल्या हातानं जोडली. एकदाही अडकली नाही.

"मला सापडलं नाही," तो म्हणाला. "पण मला सापडलं नाही म्हणजे दोष नाही असं होत नाही. जंगलात माझा हात नव्हता, तुमचा होता. तुम्ही सांगता म्हणजे असणारच."

त्यानं माझ्यावर स्वतःच्या हातापेक्षा जास्त विश्वास ठेवला. मला त्या वेळी बोलता आलं असतं. दुकानात आम्ही दोघंच होतो, काकी तिथं नव्हती, वहिनी नव्हती. दवाखान्यातला 'व्हय' मी काकीसाठी बोललो. दुकानातलं मौन कुणासाठी होतं, ते शोधून आणून मी इथं चिकटवणार नाही.

त्यानंतर मिस्त्रीनं जे केलं ते कुणाही दुकानदारानं केलं नसतं. कुणी आखूड, सुटी होणारी बंदूक मागितली की तो स्वतःच सांगायचा, घेऊ नका, माझ्या हातून गेलेल्या एका बंदुकीनं उचगावच्या माणसाचा डोळा घालवलाय. लोक ऐकून घ्यायचे आणि मग दुसरीही बंदूक त्याच्याकडून घ्यायचे नाहीत. ज्याच्या बंदुका अडकतात त्याच्याकडं दुरुस्तीला तरी कोण देणार? आमच्या खोट्याचा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार तोच झाला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्याचं दुकान बंद झालं. तिथं आधी टेलर आला, मग आणखी कोण कोण. तो वारल्याचं मला उशिरा कळलं. मूलबाळ नव्हतं.

आप्पानं मात्र त्याची बाजू घेतली, आपल्या पद्धतीनं. एका डोळ्यानं तो पुन्हा जीप चालवायला लागला आणि सीटखाली तीच बंदूक ठेवायचा. लोक म्हणायचे, ज्या बंदुकीनं डोळा घेतला तीच घेऊन फिरतो, याला वेड लागलंय. सासऱ्यांनी निपाणीची दुनळी फुकट देऊ केली. आप्पा म्हणाला, मला हीच बरी. यातून कुणाला काही कळायला हवं होतं, पण माणसाला एकदा गोष्ट आवडली की तो पुढचं बघत नाही.

जीप विकायच्या आधी, गुंजीहून येताना, तो एकदा म्हणाला, "मिस्त्रीला सांगूया का रं?"

मी म्हटलं, "काकी हाय तवर नको."

"मग म्हातारा झाल्यावर सांगशील. लोक म्हणतील, सगळी मेल्यावर तोंड फुटलं."

"म्हणू देत."

आता म्हणताहेत. म्हणू देत.

कारण यंदाच्या खंडेनवमीला मी सांगितलं. बंदुकीचा परवाना अजून माझ्याच नावावर आहे. प्रत्येक निवडणुकीला ती ठाण्यात जमा करतो, परत आणतो, आणि नवमीला ती पाटावर येते. जेवणं झाली होती. आप्पाचा नातू नव्या जावयाला गोष्ट सांगत होता, हातवारे करून, अस्वल कसं आलं, धाकटे आजोबा, म्हणजे मी, बंदूक कसे जोडत बसले, नळी इकडं, दस्ता तिकडं. जावई हसत होता. पोरगा सांगतो चांगलं. मलाही एखादे वेळी हसू यायचं.

मी उठलो, पाटाशी गेलो आणि बंदूक उचलली. माझ्या उभ्या आयुष्यात त्या पाटावरून दसऱ्याच्या आत कुणी काही उचललेलं नव्हतं. मी खाली बसलो, तुकडे वेगळे केले, डोळे मिटले आणि जोडली. मग पुन्हा. ऐंशीच्या घरातली बोटं, सांधे धरलेले, तरी ती बसली. मग मी ती जावयाच्या हातात दिली आणि म्हटलं, अडकवून दाखवा.

त्याला जमलं नाही.

वहिनी म्हणाली, "ठेवा भावजी. देवीचं हाय ते."

"न्हाय ठेवत," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. पाट, जॅक, डबा, दवाखाना, मिस्त्री.

नातवानं फक्त एकदा विचारलं की पणजीचं नाव आता कशाला काढायचं, ती बिचारी गेली. मी म्हटलं, तिचं नाव राखायला दुसऱ्याचं नाव जाळलं, आणि काडी मी लावली. तुझी पणजी मला तुझ्यापेक्षा जास्त जवळची होती, तिची काळजी तू करू नकोस.

वहिनी पाटाकडं बघत होती. दवाखान्यात फसवलं म्हणून ती मला बोलेल अशी माझी तयारी होती. सासूला बोलेल अशीही होती. ती बोलली ते दुसरंच.

"कॅम्पात बाजाराला गेले की त्या दुकानाम्होरनं मी तोंड फिरवून जायची," ती म्हणाली. "एकदा तो बाहेर आलता. 'वहिनी, मालक बरं हाईत का' म्हणून इचारलं त्यानं. मी त्याच्या पायरीवर थुंकले, भावजी. त्यो आत गेला, पाणी आणलं आणि पायरी धुतली."

मग तिनं नातवाकडं बघितलं. तो मान खाली घालून बसला होता.

"आता परत सांग ती गोष्ट," ती म्हणाली. "जावयांनी खोटी ऐकलीय. मिस्त्रीपासनं सुरू कर."

त्यानं माझ्याकडं बघितलं. बंदूक माझ्या मांडीवर होती, तळहाताला कुंकू लागलेलं. मी ती पाटावर परत ठेवली नाही. उलटायची असेल तर उलटू दे.

पोरानं घसा खाकरला आणि सुरू केलं, कॅम्पातल्या एका दुकानापासून.